खोलून बघण्याआधी

गाडीतून नवा आवाज यायला लागला की मालकाच्या मनात पहिला प्रश्न उमटतो तो 'किती?' हा. म्हणजे किती रुपये. दुसरा प्रश्न 'कुठून?' असा असतो आणि त्याचं उत्तर गाडीत बसलेला प्रत्येक जण वेगवेगळं देतो. मग गाडी गॅरेजमध्ये जाते, तिथे मिस्त्री बोनेटवर हात ठेवून क्षणभर समाधी लावतो आणि 'शेठ, खोलके देखना पडेगा' असा निर्वाळा देतो. हे वाक्य मुंबईच्या गॅरेजांत इतकं रुळलंय की नुसती हवा भरायला गेलेल्या माणसालाही ते ऐकावं लागलं तर नवल नाही. या सगळ्या व्यवहारात एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही: आवाज येतो कधी? माझं म्हणणं असं की गाडीचं दुखणं आवाजावरून ओळखता येतं, पण आवाज कसा आहे आणि कुठून येतो याने फार हाती लागत नाही. तो कशाबरोबर सुरू होतो, कशाबरोबर वाढतो आणि काय केलं की गप्प बसतो, यात खरं निदान असतं. हे एकदा मान्य केलं की त्याच्या पोटातलं दुसरं विधानही मान्य करावं लागतं. ते ऐकून पुणेकर हसतील, तरी करतो: गाडी ऐकून तपासायला अंधेरीसारखी सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

सुरुवात कानापासून करू. काही माणसांचा कान जन्मतःच तयार असतो, असा आपल्याकडे एक भाबडा समज आहे. गाण्यात जसे तानसेन आणि कानसेन, तसे गॅरेजात काम करणारे आणि नुसतं ऐकून सांगणारे उस्ताद. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून डोळे मिटणारा उस्ताद बघितला की मालक भारावतो आणि बिलाबद्दल हुज्जत घालायचं धैर्य गमावतो. वास्तविक त्यात चमत्कार काही नाही. पोलादातून आवाज हवेच्या सुमारे 15 पट वेगाने जातो आणि वाटेत फारसा विरत नाही, एवढंच. हीच युक्ती माणसाच्या छातीवर रने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने 1816 साली पॅरिसमध्ये वापरली. कागदाची सुरळी करून तिचं एक टोक रुग्णाच्या छातीला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं, आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. पण सुरळी करायला त्याला काही क्षण लागले असतील. कोणता आवाज म्हणजे कोणता आजार याच्या जोड्या लावून ग्रंथ प्रसिद्ध करायला 1819 उजाडलं. या जोड्या त्याने शवविच्छेदनाशी ताडून पाहिल्या होत्या. म्हणजे लेनेकलाही शेवटी खोलके देखना पडाच होतं. फरक एवढाच की त्याचे रुग्ण तोवर तक्रार करण्याच्या पलीकडे गेलेले असत. सांगायचा मुद्दा, तयार कान हा तयार केलेला कान असतो आणि तो आवाज व परिस्थिती यांची सांगड घालून घालूनच तयार होतो.

आता 'कुठून?' हा प्रश्न मी इतका खाली का ढकलतो, ते सांगायला हवं. आवाज कोणत्या बाजूने आला हे आपण ठरवतो ते दोन कानांवर तो पोहोचण्यातल्या फरकावरून, आणि हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. मोकळ्या मैदानात तेवढ्यावर भागतं. गाडीच्या आत मात्र आवाज पत्र्यातून, काचेतून, सीटच्या सांगाड्यातून अशा दहा वाटांनी येतो आणि कानाची पार दिशाभूल होते. म्हणून चालक छातीठोकपणे 'उजवं पुढचं चाक' म्हणतो, शेजारी बसलेल्या पत्नीला तो डॅशबोर्डमधून येतो असं वाटतं, आणि मागे बसलेले सासरेबुवा 'आमच्या वेळच्या गाड्यांना हे असलं नव्हतं' एवढंच बोलून निदानाचा प्रश्न निकालात काढतात. तिघेही प्रामाणिक असतात आणि बहुधा तिघेही चुकलेले असतात. त्यामुळे तपासाची पहिली पायरी ऐकणं नसून गाडी रिकामी करणं ही आहे. दाराच्या कप्प्यातली स्टीलची बाटली, टोलच्या जमान्यातली सुटी नाणी, सैल पडलेला जॅक आणि टॉमी, मोडक्या काडीची छत्री, डॅशबोर्डवर चिकटवलेला पण आता जागेवर डोलणारा गणपती आणि डिक्कीत मागच्या भाद्रपदापासून मुक्कामाला असलेलं मखर, एवढं घरात नेऊन ठेवलं की कित्येक असाध्य आजार पान्याला हात न लावता बरे होतात. गॅरेजवाले हा उपचार सुचवत नाहीत, कारण मखराचं बिल लावता येत नाही.

गाडी रिकामी करूनही आवाज उरला, तर मग 'कधी?' हा प्रश्न कामाला लावावा. गाडीत फिरणाऱ्या वस्तूंच्या दोन टोळ्या असतात. एक इंजिनाच्या तालावर फिरते, दुसरी चाकांच्या. गाडी उभी असताना ऍक्सिलरेटर दाबला आणि आवाज वाढला, तर गुन्हेगार पहिल्या टोळीतला. गाडी सरळ, एका वेगात चाललेली असताना क्लच दाबला, इंजिन खाली बसलं आणि तरीही आवाज गाडीच्या वेगाबरोबर तसाच राहिला, तर दुसऱ्या टोळीतला. एवढ्या एका पायाच्या हालचालीने अर्धी गाडी निर्दोष सुटते, तीही वकील न लावता. पुढची उलटतपासणी स्टिअरिंगची. पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली की टक-टक-टक येत असेल, तर सीव्ही जॉइंटकडे बघावं. वेगाबरोबर चढत जाणारी घुंई असेल आणि डावीकडच्या लांब वळणावर ती वाढत असेल, तर उजव्या चाकाचं बेअरिंग संशयित, कारण डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. क्लच दाबल्यावरच घरघर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग. आणि ब्रेक लावताना चीं होत असेल, तर तो आवाज बहुधा मुद्दाम बसवलेला आहे. पुष्कळ गाड्यांच्या ब्रेक पॅडला एक पातळ पत्री असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासते आणि किंचाळते. हॉर्न सोडला तर कारखान्याने आवाज करण्यासाठीच दिलेला हा भाग. आपण मात्र त्याची किंकाळी 'पावसाळ्यात होतं असं' म्हणून ऐकून घेतो, आणि चीं जाऊन खर्र येईपर्यंत थांबतो. तोवर पॅडबरोबर डिस्कही कापली जाते आणि 'किती?' या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनेक पटींनी मोठं होतं.

यात कुठेही शांतता लागत नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. लागतो तो फरक: उभी आणि चालती, सरळ आणि वळती, गुळगुळीत आणि खडबडीत. आणि फरकाच्या बाबतीत अंधेरी श्रीमंत आहे. उभ्या गाडीपासून बघू. इंजिन न्यूट्रलवर ऐकायला चालकाला सहसा वेळ मिळत नाही. अंधेरीत तो साकीनाक्याला, जे. पी. रोडला आणि आगरकर चौकाच्या आसपास सरकारी खर्चाने मिळतो. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं आणि कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे एखाद्या व्हॉल्व्हचा टॅपेट सैल असेल, तर तो सेकंदाला जेमतेम सातदा टिकटिकतो. तीच ठकठक दुप्पट वेगाची आणि खालच्या पट्टीतली असेल, तर दोष बोनेटच्या पोटात खोल, क्रँकच्या घरात असण्याची भीती. सिग्नलला एसी चालू करावा. कॉम्प्रेसरचा भार येताच चीं झाली, तर फॅनबेल्ट सैल किंवा गुळगुळीत झालेला. एसी बंद करावा. थांबली, तर निदान पक्कं. इंजिन उभ्या जागी थडथडून सीट हलवत असेल पण गाडी चालायला लागली की शहाण्यासारखी वागत असेल, तर इंजिन फाउंडेशनचे रबर बघावेत. हे सगळं एका लाल दिव्यात होतं. ज्या गावात सिग्नल तीस सेकंदांत सुटतो, तिथल्या माणसाला यासाठी मुद्दाम वेळ काढावा लागेल.

वेगाचंही तेच. छोट्या गाडीच्या चाकाचा घेर सुमारे 1.8 मीटर असतो. ताशी 20 किलोमीटरला ते सेकंदाला जवळजवळ तीन फेरे घेतं, आणि तीनपर्यंत मोजता न येणारा चालक आरटीओने सोडलेला नसावा. टायरच्या खाचेत अडकलेली खडी किंवा घुसलेला खिळा या वेगाला स्पष्ट टिक, टिक, टिक अशी हजेरी लावतो. ताशी 80 ला त्याच टिकटिकीचे सेकंदाला बारा ठोके होतात आणि कानाला नुसती भुरभुर ऐकू येते. म्हणजे एक्स्प्रेसवेवर सुसाट जाणाऱ्याला जो खिळा पंक्चर झाल्यावर कळतो, तो अंधेरी-कुर्ला रोडवर रांगणाऱ्याला आधीच कळतो. रस्त्याचा पृष्ठभाग हा आणखी एक साक्षीदार. टायरची गुणगुण रस्ता बदलला की बदलते, बेअरिंगची बदलत नाही. हे तपासायला दुसरीकडे दोन-तीन रस्ते हिंडावे लागतात. अंधेरीत डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि कुठल्या तरी खात्याने परवाच खोदून काल बुजवलेला चर असे सगळे नमुने एकाच फेरीत, क्रमाने मांडून ठेवल्यासारखे मिळतात.

पुलांचं योगदान तर स्वतंत्र परिच्छेद मागतं. उड्डाणपुलाच्या दोन भागांमधल्या सांध्यावरून गाडी जाते तेव्हा आधी पुढची चाकं आपटतात, मग मागची. छोट्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे 2.4 मीटर अंतर असतं. ताशी 30 ला या दोन आपटींमध्ये सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी वेळ जातो. खडखड पहिल्या धप्पबरोबर आली, तर पुढचा लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअप. दुसऱ्या धप्पबरोबर आली, तर मागची बाजू किंवा डिक्कीत राहिलेलं मखर. 'कुठून?' हा प्रश्न कानाला सुटत नव्हता, तो घड्याळाने सोडवला. या दृष्टीने गोपाळ कृष्ण गोखले पुलाचा इतिहास चालकांनी जरा मोठ्या मनाने वाचायला हवा. जुलै 2018 मध्ये त्याचा पादचारी भाग कोसळला, नोव्हेंबर 2022 मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला, फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल आणि हा, यांची उंचीच जुळत नसल्याचं दिसलं, आणि जुलै 2024 मध्ये दोघांना जोडण्यात आलं. लोकांनी त्यावर यथेच्छ विनोद केले. पण दोन पुलांचे सांधे न जुळणं हे महापालिकेलाच जिथे बघितल्यावर कळतं, तिथे आपल्या गाडीचा एक सांधा नुसता ऐकून ओळखणाऱ्या नागरिकाला थोडी शाबासकी मिळायला हरकत नाही. इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगचे गोल उतार हे सीव्ही जॉइंटसाठीच बांधलेले असावेत, इतकं तिथे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवावं लागतं. आणि अंधेरी सबवेत, तो पाण्याखाली नसेल त्या दिवशी, काचा खाली करून हळू गेलं की चाकांचा आणि सायलेन्सरचा आवाज भिंतींवरून परत येऊन थेट कानात पडतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: अंधेरीत ऐकू काय येणार? रिक्षांची रांग, वरून मेट्रो, त्याच्यावरून सहारला उतरणारं विमान आणि या सगळ्यांना पुरून उरणारा हॉर्न. मुंबई पोलिसांनी जानेवारी 2020 मध्ये काही सिग्नलांना आवाजमापक जोडल्याचं जाहीर केलं होतं. हॉर्नचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. ज्या शहरात सिग्नललाही कान फुटले, तिथे टॅपेटची टिकटिक कुणाला ऐकू येणार? आणि गाड्यांचा आवाज शास्त्रशुद्ध ऐकायचा तर पुण्याच्या टेकडीवर, 1966 साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियात आवाज आणि कंपनांची खास प्रयोगशाळा आहे, तिथे शांतता पाळतात. अंधेरीचं नाव कशाला घेता? आक्षेपात तथ्य आहे. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो, हे खरंच. पण प्रयोगशाळेचं काम आवाज नेमका किती आणि कोणत्या पट्टीत आहे हे मोजण्याचं. आपल्याला फक्त तो आपला आहे की परका एवढं ठरवायचंय. परक्या आवाजाला तुमच्या क्लचची पर्वा नसते. तुम्ही एसी बंद केल्यावर जर मागच्या टेम्पोचा हॉर्न थांबला, तर तो योगायोग. सलग पाचदा थांबला, तर मात्र टेम्पोवाल्याशी तुमचं काहीतरी नातं आहे. विमानाचं इंजिन तुमच्या गिअरबरोबर पट्टी बदलायला लागलं, तर तुम्ही चुकून धावपट्टीवर आला आहात. शांतता असेल तर उत्तमच, पण गोंगाटातून आपला आवाज वेगळा काढायची तीच युक्ती आहे: एक गोष्ट बदला आणि काय बदलतं ते ऐका.

दुसरा आक्षेप जास्त आधुनिक आहे. आता गाडीत संगणक असतो, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात यंत्र जोडलं की दोषाचा आकडा समोर येतो. मग कान कशाला? आकडे येतात, नाही कोण म्हणतो. पी 0300 आला तर इंजिन मिसिंग करतंय, पी 0420 आला तर धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकलंय. पण संगणकाला तेवढंच कळतं जेवढ्यासाठी त्याला सेन्सर दिलेला असतो. ही व्यवस्था जन्माला आली ती मुख्यतः धुरावर नजर ठेवायला. लिंक रॉडच्या बुशला सेन्सर नसतो, लोअर आर्मला नसतो, मखराला तर नसतोच. गाडी खालून मोडकळीला आलेल्या वाड्यासारखी वाजत असली, तरी संगणक 'कोणताही दोष आढळला नाही' असं निर्विकारपणे सांगू शकतो. आणि गंमत अशी की या संगणकाला खुद्द एक कान दिलेला असतो. पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकवर घट्ट बसवलेला नॉक सेन्सर म्हणजे स्फटिकाचा छोटा मायक्रोफोनच. सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकून नॉकिंग होऊ लागलं की तो ते ऐकतो आणि संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिनाच्या एवढ्या खडखडाटात त्याला नेमकं ते नॉकिंग ऐकू कसं येतं? तो सतत ऐकतच नाही. ठिणगी पडल्यानंतर क्रँक ठरावीक कोनातून जात असतो, तेवढ्याच खिडकीत आलेला आवाज तो हिशेबात धरतो. बाकी वेळचा गोंगाट सोडून देतो. म्हणजे कानाला मोडीत काढायला आणलेल्या यंत्राने कान तर ठेवलाच, वर 'कधी?' हा प्रश्नही ठेवला. तो मिस्त्रीने तेवढा सोडला.

तिसरी तक्रार अनुभवी मालकांची. हे सगळं ठीक, पण गाडी गॅरेजच्या दारात गेली की आवाजच बंद होतो, त्याचं काय? शाळेत इन्स्पेक्टर आले की सगळ्यात दंगेखोर पोरगा हाताची घडी घालून बसतो, तसं हे आहे, आणि बहुतेक जण ते नशिबावर ढकलतात. कारण साधं आहे. गॅरेजपर्यंत जाताना इंजिन तापतं. ऍल्युमिनियमचा पिस्टन गरम झाला की फुगतो, सिलिंडरमधली फट भरून निघते आणि सकाळी ऐकू आलेली खटखट नाहीशी होते. ओलसर सकाळी घसरणारा बेल्ट दुपारपर्यंत सुकून घट्ट पकडतो. मागच्या सीटवर तिघे बसल्यावर टेकणारा भाग एकट्या चालकाला टेकत नाही. तेव्हा गाडी दगा देत नाही. आपण तिला साक्षीसाठी चुकीच्या वेळी, चुकीच्या तापमानात आणि नातेवाईक न घेता उभी करतो. 'कधी?' हे माहीत असलेला मालक गाडी रात्री गॅरेजमध्ये ठेवून सकाळी मिस्त्रीसमोर थंड इंजिन सुरू करतो, किंवा ट्रायलला सासरेबुवांना मागे बसवून नेतो. त्या प्रवासात त्यांचा अनुभवही ऐकायला मिळतो, पण निदानाला किंमत मोजावी लागतेच.

चौथा आक्षेप काळाचा आहे. हे कसब पद्मिनीच्या जमान्यातलं, आता गाड्या मुक्या झाल्या, विजेच्या गाड्यांना तर इंजिनच नाही. पद्मिनीचा दाखला मात्र उलट माझ्या बाजूचा आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेल्या या फियाटच्या भाचीला मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस आणि मागे पाटे. प्रत्येकाचा आपापला सूर. ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत भरून 30 ऑक्टोबर 2023 पासून बाद झाली, तोवर ती वाजतच होती. असल्या गाडीत नुसता आवाज ऐकून काय कळणार? तिचा टॅक्सीवाला आवाज ऐकत नसे, आवाजात कालपासून पडलेला फरक ऐकत असे. विजेच्या गाडीत उलटी सोय झाली आहे. इंजिनाच्या पांघरुणाखाली दडलेली सीटची कुरकुर, सस्पेन्शनची खडखड, टायरची गुणगुण आता उघडी पडली. तिथे गाडी मुकी झालेली नाही, मधे बोलणारा गेला आहे. युरोपात तर जुलै 2021 पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीला ताशी 20 किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज करणं सक्तीचं आहे, पादचाऱ्यांना कळावं म्हणून. तो नियम लोखंडवालाच्या संध्याकाळी लावला, तर तो आवाज घरी पोहोचेपर्यंत बंदच होणार नाही.

रेडिओ मोठा करण्याच्या उपायाबद्दल एवढंच म्हणता येईल की तो स्वस्त आहे आणि बेअरिंग पूर्ण जाईपर्यंत उत्तम चालतो. मात्र कानाच्या मर्यादा मी लपवणार नाही, कारण काही दोष अजिबात बोलत नाहीत. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं ओलावा शोषून घेतं, ते न कुरकुरता. टायरचं रबर वयाने कडक होतं, कूलंट हळूहळू कमी होतो, टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा पूर्वसूचना न देता तुटतो. यांच्यासाठी तारीख, पातळी आणि ऑइलची पट्टी बघावी लागते. कान कितीही तयार असला तरी उपयोग नाही. बोलणाऱ्या दोषांतही सगळे सारखे नाहीत. अंधेरीच्या डबिंग स्टुडिओंतून तयार होऊन आलेल्या सिनेमात गाडी मातीच्या रस्त्यावरही टायर किंचाळत वळते, त्यामुळे मोठा आवाज म्हणजे मोठा घोटाळा असं आपल्या मनात बसलंय. खऱ्या गाडीत पुष्कळदा उलटं असतं: बेल्टची गल्लीभर ऐकू जाणारी चीं थोडक्यात निभावते आणि इंजिनाच्या तळातली दबकी ठकठक गाडी विकायला लावते.

राहता राहिला प्रश्न गाडी द्यायची कुणाकडे याचा. अंधेरीत बोनेट उघडून दोन मिनिटं उभं राहा. सोसायटीचा वॉचमन, शेजारचा रिक्षावाला, इस्त्रीवाला, कुत्र्याला फिरवायला निघालेले काका आणि एक खरा मिस्त्री असे पाच तज्ज्ञ जमतात. वॉचमन बेल्ट सांगेल, रिक्षावाला पेट्रोलमध्ये भेसळ सांगेल, काका गाडी विकायला सांगतील. मिस्त्री कोणता हे कपड्यांवरून ठरवू नका. जो काही न सांगता आधी 'कधी येतो? थंड असताना की तापल्यावर? वळताना की ब्रेक मारताना?' असं विचारेल, त्याच्या हातात किल्ली द्या, मग तो इस्त्रीवाला का असेना. त्यानेही सगळं ऐकून घेतल्यावर 'खोलके देखना पडेगा' म्हटलं, तर खुशाल खोलू द्या. निदान तो काय शोधतोय हे त्याला माहीत असेल.